ब्रेड आणला, म्हणजे कोण आजारी?

मी टोस्टर. वायर असलेला, तोंडातून पाव उडवणारा शहरी टोस्टर नव्हे. मी हातात धरायचा, दोन पाट्यांचा, लांब दांड्यांचा, सरळ गॅसवर ठेवायचा. माझ्या जातीला बटण नसतं, दिवा नसतो आणि अक्कलही नसते, असा लोकांचा समज आहे. समजोत. सध्या मी गोंदिया जिल्ह्यात, कोहमाऱ्याजवळच्या एका गावात, बकारामच्या स्वयंपाकघरात, खिळ्याला उलटा लटकलेलो आहे. उलटं लटकलं की माणसं जरा सरळ दिसतात.

माझा जन्म नागपूरचा, भंगाराच्या भट्टीतला. आईबाप कोण विचाराल, तर एक चेपलेली गंजी (म्हणजे पातेलं, बनियन नव्हे), तीन ताटल्या आणि कुकरचं झाकण. सगळे वितळले, साच्यात ओतले गेले आणि मी झालो. त्या झाकणाचा अंश अजून अंगात आहे, त्यामुळे ताप चढला की शिटी मारावीशी वाटते. मारता येत नाही. मला जोडणारा कारागीर डाव्या दांडीचा स्क्रू बसवताना फोनवर सासुरवाडीशी भांडत होता, म्हणून तो स्क्रू जन्मापासून सैल आहे. याचा पुढे उपद्रव होणार आहे, आताच सांगून ठेवतो.

बकारामची मुलगी रुचिका नागपुरात नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी येताना तिने मला फुटपाथवरून उचललं आणि आईच्या हातात ठेवलं. "आई, सकाळच्या घाईत बरं पडते. दोन ब्रेड ठेव, दोघांच्या मधात आलू भर, भाज, खा."

तिच्या आईने, म्हणजे रुख्माबाईने, मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि काळजीने विचारलं, "ब्रेड? कोन आजारी आहे?"

इथं जरा थांबून समजून घ्या. हा धानाचा मुलूख. इथली माणसं सकाळी भात खातात, दुपारी भात खातात आणि संध्याकाळी आज काय केलं म्हणून विचारून पुन्हा भात खातात. ब्रेड हे इथं खाणं नाही, औषध आहे. दवाखान्यात कोणाला पाहायला जायचं असलं की माणूस ब्रेडचा पुडा घेतो, बिस्किटं घेतो, चेहरा पाडतो आणि निघतो. ठणठणीत माणसाने ब्रेड खाणं म्हणजे उगाच सलाइन लावून घेणं.

तेव्हा ब्रेडशी माझी गाठ पडलीच नाही. रुख्माबाईने माझ्यात वाळलेले झिंगे भाजायला सुरुवात केली. चुलीतले निखारे पुढे ओढायचे, मूठभर झिंगे माझ्या पोटात घालायचे, कडी लावायची, दोनदा पालटवायचं. एक झिंगा राखेत पडत नाही. हुशार बाई. पण दोन वर्षांत माझ्या अंगाला असा वास चढला, की गल्लीतली मांजर मला आपला नातेवाईक समजू लागली. ना मला कोणी घासलं, ना मी तक्रार केली.

रुख्माबाई सत्तावन्न वर्षांची. चौदा वर्षं झाली, गावच्या शाळेत साठ पोरांची खिचडी रांधते. तिथून घरी आली की घरचं रांधते. आधी नवऱ्याला वाढते, आल्यागेल्याला वाढते, कोंबड्यांना टाकते, आणि सगळ्यांचं आटोपलं की गंजीतला गार झालेला भात ताटात खरडून घेऊन चुलीकडे पाठ करून बसते. मी हे खिळ्यावरून रोज पाहत होतो. मला वाटलं, या बाईला गारच आवडत असेल.

बकाराम माणूस चांगला आहे. दुसऱ्याची बांधी, म्हणजे धानाचं शेत, ठेक्याने करतो, चिखलात दिवसभर उभा राहतो, कोणाच्या अध्यात नाही. फक्त स्वयंपाकघरात तो पाहुणा. मीठ कोणत्या डब्यात आहे ते त्याला माहीत नाही, पण भाजीत कमी पडलं तर पहिल्या घासाला कळतं. चुलीजवळ मी त्याला एकाच कामासाठी वाकलेलं पाहिलं होतं, बिडी पेटवायला.

मग रुख्माबाईचा हात चुकायला लागला. मला अडकवताना खिळा तिला सापडेना. दोनदा तिने मला भिंतीवर अडकवलं, म्हणजे नुसत्या भिंतीवर, आणि मी खाली आपटलो. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. गोंदियाला तपासलं, तारीख मिळाली. पेशंट न्यायला गाडी आली आणि रुख्माबाईने ती परत पाठवली. दुसऱ्यांदा आली, दुसऱ्यांदा परत पाठवली. कारण एकच. ऑपरेशननंतर महिनाभर धुरात जायचं नाही, आचेजवळ बसायचं नाही. मग घरी रांधणार कोण? रुचिकाला चार दिवसांच्या वर सुटी नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी रुचिकाचा फोन आला. बकारामने तो स्पीकरवर टाकून पाटावर ठेवला, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं.

"आई, गुरुवारी गाडी येऊन राहिली. डॉक्टर म्हणाले, आणखी पिकू दिलं तर मग अवघड होईल. या वेळी नाही म्हणू नको."

"अन् तुझ्या बाबाले का डोऱ्याले पट्टी बांधून चारू?"

"बाबा करतील ना."

यावर रुख्माबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, "तुझ्या बाबानं मले एक डाव रांधून चारावा. पोट भरला पाहिजे अन् पोटात राहिला पाहिजे. मंग मी गाडीत बसतो. नाई त गाडी वापस." (आमच्याकडे बायाही 'बसतो'च म्हणतात.)

बकाराम गप्प बसू शकला असता. लग्नाची छत्तीस वर्षं बसलाच होता. पण तो म्हणाला, "चारतो. बुधवारी."

रुख्माबाई पाणी भरायला गेल्यावर रुचिकाने हळू आवाजात बापाला सांगितलं, "भात-वरणाच्या नादी लागू नका बाबा, ते तुम्हाला चार दिवसांत येत नाही. खिळ्याला टोस्टर आहे ना? ते सगळ्यात सोपं. लिहून घ्या." बकारामने कॅलेंडरच्या कडेला लिहून घेतलं. आलू उकडायचे, कुसकरायचे. मीठ, तिखट, बारीक कांदा, सांबार. (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याच्या पाहुण्यांनी घाबरू नये.) टोस्टरला आतून तेल. ब्रेड, आलू, ब्रेड. कडी लावून मंद आचेवर एक बाजू दोन मिनिटं, मग दुसरी. शेवटी रुचिकाने दोनदा सांगितलं, "आच मंद. बाबा, मंद." बकारामने 'मंद' लिहिलं आणि खाली रेघही ओढली. रेघा ओढून काही होत नाही, ते पुढे दिसेलच.

सोमवारी रुख्माबाई शाळेत गेली तसा बकाराम सायकलवर कोहमाऱ्याला गेला आणि ब्रेडचा पुडा घेऊन आला. आणला तो आणला, पारदर्शक पिशवीत घालून हँडलला लटकवून आणला. पानठेल्यावर शेजारचा टिकाराम उभा होता (पुढचं मला त्याच्याच तोंडून कळलं).

"कोन आजारी आहे गा?"

"कोनी नाई."

"मंग ब्रेड कायले?"

"असाच."

ब्रेड कोणी 'असाच' आणत नाही. टिकारामने बकारामच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली. तिथून बातमी निघाली. बारा वाजता रुख्माबाईला बरं नव्हतं, दोन वाजता ती उठत नव्हती, आणि चारपर्यंत तिचं काही खरं राहिलं नव्हतं. खुद्द रुख्माबाई तेव्हा शाळेत खिचडीची गंजी घासत होती. सकाळी तिला शाळेत जाताना अर्ध्या गावाने पाहिलं होतं. पण गावाने ब्रेडही पाहिला होता, आणि लोकांनी ब्रेडवर विश्वास ठेवला.

साडेचारला घर भरलं. टिकाराम ब्रेड आणि दोन केळी घेऊन आला. पलीकडची शकुंतलाबाई ब्रेड आणि बिस्किटं घेऊन आली. बचत गटाची सावित्रीबाई ब्रेड घेऊन आली आणि तिच्या मागून आणखी तिघी ब्रेड घेऊन आल्या. बकाराम आलू कुसकरत होता, तो तसाच उठला. "कोनी आजारी नाई," तो सांगत होता, आणि ते जितकं सांगत होता तितकं लोक त्याच्याकडे जास्त दयेने पाहत होते. शकुंतलाबाई म्हणाली, "धीर सोडू नोका भाऊ." सात पुडे रांगेने ठेवले होते. मी खिळ्यावर हलून हलून हसत होतो.

तेवढ्यात रुख्माबाई दारातून आत आली.

उन्हातून आली होती. कोणी काही बोललं नाही, कारण मरायला टेकलेली बाई डोक्यावर टोपली घेऊन चालत येते तेव्हा काय बोलायचं ते कोणाला सुचत नाही. ती सरळ आत आली. टिकारामच्या पायावर पाय दिला. मग रोजची पाण्याची घागर जिथं असते तिथं, म्हणजे नेमक्या सावित्रीबाईच्या डोक्यावर, हात ठेवला आणि झाकण शोधू लागली.

"मी आहो वो," सावित्रीबाई हळूच म्हणाली.

रुख्माबाईने हात काढला. "कोन कोन आहे अठी?"

"मी शकुंतला." शकुंतलाबाई तिच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तीस वर्षांची शेजारीण.

"दिसलीच नाई मले," रुख्माबाई म्हणाली आणि होती तिथं खाली बसली.

कोणी हसलं नाही. मीही नाही, आणि मी सहसा सोडत नाही. गावाला माहीत होतं की तिला जरा कमी दिसतं. इतकं कमी दिसतं हे तिने कोणाला कळू दिलं नव्हतं. शाळेपर्यंत ती पावलं मोजून जात होती आणि खिचडी वासावर रांधत होती.

"कवापासून?" शकुंतलाबाईने विचारलं.

"दिवारीपासून. सांगतली असती त शाळेतून काढलं असतं."

"काढते कोन? महिनाभर मी रांधतो तठी. तू डोरे करून ये, मंग तुझा खिचडी हालवाचा सराटा तुले वापस."

रुख्माबाईने पदराने डोळे पुसले. त्या डोळ्यांचा तेवढाच उपयोग उरला होता. शाळेचं झालं. आता राहिलं घर. सगळ्यांनी माना वळवून बकारामकडे पाहिलं. त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत आलू लागला होता. मी उलटा असूनही सांगतो, त्या नजरांमध्ये आशा फारच कमी होती.

मंगळवारी मला खिळ्यावरून काढण्यात आलं आणि कोपऱ्यातली, एरवी चहापुरती वापरायची गॅसची शेगडी पेटवण्यात आली. टिकाराम परीक्षक म्हणून पाटावर बसला, कारण बकारामच्या चुका त्याला खायच्या होत्या. बकारामने मला उघडलं. ब्रेड आणि माझी ती पहिली भेट. ब्रेडचा चेहरा आधीच पांढरा होता, माझा वास आल्यावर आणखी पांढरा पडला असावा.

पहिल्या सँडविचमध्ये बकारामने एवढा आलू भरला की मी मिटेना. त्याने मला जमिनीवर ठेवून गुडघा दिला. आलू चहूबाजूंनी बाहेर आला, आत काही राहिलं नाही. दुसऱ्याला तेल लावायचं विसरला. ब्रेड मला असा चिकटला की विळ्याने खरवडावा लागला. विळा धान कापायचा होता, त्याच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. तिसऱ्या वेळी गॅस पूर्ण मोठा केला, कारण मोठी आच म्हणजे लवकर काम. वरून कोळसा, आत कांदा कच्चा. टिकारामने तोही खाल्ला.

चौथ्या वेळी आच मंद होती, तेल होतं, आलू बेताचा होता, पण बकारामला चैन पडेना. दर दहा मोजले की कडी काढून उघडून पाहायचा. एक ब्रेड माझ्या वरच्या पाटीला, एक खालच्या पाटीला आणि मधला आलू गॅसवर. धान लावलं की रोज उपटून पाहतोस का रे? पण माझं ऐकतो कोण. पाचव्या वेळी पालटवताना डाव्या दांडीचा स्क्रू निघाला आणि मी एका हाताने लोंबकळलो. बकारामने तारेचे चार वेढे दिले. ती तार आजही आहे आणि आजही मला टोचते.

सहावं सँडविच टिकारामने चावलं, चघळलं आणि नाक वर केलं.

"झिंग्याचा वास येऊन राहिला गा."

बकारामने माझ्यात नाक घालून हुंगलं. बराच वेळ विचार केला. मी मनातून खजील झालो, कारण दोन वर्षांचं माझं पाप आता उघडं पडलं होतं. मग तो म्हणाला, "वास येऊनच राहिला, त झिंगेच टाकतो ना."

आणि त्याने खरंच टाकले. भाजलेले झिंगे, लसूण आणि लाल मिरची पाट्यावर ओबडधोबड वाटून ती चटणी आलूवर पसरली. कॅलेंडरवर हे कुठं लिहिलेलं नव्हतं. टिकारामने सातवं सँडविच खाल्लं आणि हात पुढे करून आठवं मागितलं. वासाने गल्लीतली पोरंही जमली, आणि असं करता करता गावाने आणलेला सगळा ब्रेड संपत आला.

बुधवारी दुपारी रुख्माबाई शाळेतून आली. बकारामने तिला पाट दिला, समोर ताट ठेवलं, पाण्याचा गिलास ठेवला. शेवटचे दोन स्लाइस उरले होते. बाकीचे टिकारामच्या आणि पोरांच्या पोटात होते. बकारामने मला तेल लावलं, ब्रेड ठेवला, बेताचा आलू, वर झिंग्याची चटणी, वर ब्रेड. कडी लावली. आच मंद. एक बाजू भाजली, एकदाही उघडून पाहिलं नाही. मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मग त्याने मला पालटवलं आणि तार सरकली. तापलेली दांडी बोटाला लागली, त्याने मला तसंच आचेवर टेकवलं आणि बोट पाण्यात घालायला धावला. परत येऊन तार गुंडाळली, मला उचललं, उघडलं. एक बाजू सोनेरी. दुसरी बाजू ठार काळी.

"झाला का?" रुख्माबाईने विचारलं.

बकारामने सँडविचकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत होती, म्हणजे तो जिथं आहे असं तिला वाटत होतं तिथं, त्याच्यापासून हातभर डावीकडे. उद्या गाडी येणार होती. ब्रेड संपला होता.

त्याने जळलेली बाजू खाली करून सँडविच ताटात ठेवलं. म्हणाला, "झाला. गरम आहे, सांभाळून."

बकाराम आयुष्यात कधी खोटं बोलला नाही असं नाही. पण ताटात पहिल्यांदाच बोलला. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

रुख्माबाईने दोन्ही हातांनी सँडविच धरलं. पहिला घास घेतला. हळूहळू चावलं. दुसरा घेतला. ती इतक्या सावकाश खात होती की मला तिथल्या तिथं वितळून पुन्हा गंजी व्हावंसं वाटलं. शेवटी ताटातले तुकडेही बोटाने टिपून खाल्ले.

"कसा आहे?" बकारामने विचारलं.

"मीठ कमी आहे." तिने गिलास चाचपून जवळ ओढला. "बाकी बरा आहे. गाडी किती वाजता येते?"

गुरुवारी ती गेली. आधी एक डोळा झाला. काळा चष्मा लावून घरी आली आणि अंगणात खाटेवर बसून राहिली. बकारामने आधी रोज माझ्यातलं सँडविच केलं. मग रुख्माबाई खाटेवरून ओरडून ओरडून सांगायची आणि तो आत भात करायचा. पहिल्या भाताचा गोळा झाला, दुसऱ्याची पेज झाली, आठवड्याने भात झाला. मिठाचा डबा त्याला सापडला.

महिना झाला आणि चष्मा उतरला. रुख्माबाई स्वयंपाकघरात आली ती सरळ माझ्याकडे. खिळा पहिल्या झटक्यात सापडला. तिने मला उघडलं आणि उजेडात धरलं. आत दोन वर्षांचे झिंगे, महिन्याभराचा आलू, जळकं तेल, विळ्याच्या खुणा आणि गंजलेली तार.

"हे असं आहे?" ती म्हणाली. "याच्यात चारून राहिले होते मले महिनाभर?"

बकाराम दारात उभा होता. त्याने मान खाली घातली.

"अन् तो बुधवारचा एका बाजूनं जरला होता."

बकाराम दचकला. "तुले दिसला?"

"डोरे गेले होते माझे. जीभ नोहोती गेली."

"मंग बोलली काऊन नाई?"

रुख्माबाई मला घेऊन बाहेर गेली. राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि मला घासायला बसली. वर न पाहता म्हणाली, "गरम होता ना. छत्तीस वर्षांत मले कोनी गरम वाढला नोहोता."

बकाराम आत गेला, चुलीवरचा भात ताटात वाढला आणि तिच्यासमोर आणून ठेवला. ती म्हणाली, "हात राखेचे आहेत माझे." तो म्हणाला, "मंग धू. थंडा होऊन राहिला." तिने मला अर्धवट घासलेलं तसंच जमिनीवर ठेवलं आणि हात धुतले.

म्हणून मी आज अर्धा चकचकीत आणि अर्धा काळा आहे. राहिलेली बाजू घासायची आहे, असं ती रोज म्हणते. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात आहे आणि या वेळी गाडीची तारीख तिने स्वतः विचारून घेतली आहे. मांजर अजून येते.

बकाराम आता आठवड्यातून एकदा सायकलच्या हँडलला ब्रेड लटकवून पानठेल्यावरून येतो, तेव्हा कोण आजारी आहे असं टिकाराम विचारत नाही. "आज का भरून राहिला गा?" असं विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता मागे मागे चालत येतो.

माझ्या भाऊबंदांना घरी ठेवणाऱ्यांना दोनच विनंत्या. आच मंद ठेवा, आणि रांधणारीचं ताट गार होण्याआधी तिला बसवा. एका बाजूने जळलं तरी ती सांभाळून घेते. आणि तुमच्यापैकी कोणी कोहमाऱ्याला जात असेल, तर येताना डाव्या दांडीसाठी एक स्क्रू तेवढा आणा. ही तार फार टोचते हो.